उपडी झारी

फोन आला तेव्हा मी दूध गॅसवर ठेवून गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आणि त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंशी नळाचं पाणी कधी सुटणार यावर वादही घालत होते. एका वेळी एकच काम केलं की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. फोनवर भावोजी होते, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलक्काचे यजमान. सगळा जन्म धारवाडच्या कोर्टात वकिली केलेला माणूस, पण घरात आवाज कायम खालच्या पट्टीतला. म्हणाले, "शालू, तू ये. घाई करू नकोस." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून तशीच उभी राहिले. अक्काला दम लागतो हे माहीत होतं, औषधं चालू होती, कधीतरी अवेळी बोलावणं येणार ही धास्ती मनात होतीच. पण ते बोलावणं 'लवकर ये' असं यायला हवं होतं... घाई करू नकोस म्हणजे काय? दूध उतू गेलं, करपल्याचा वास गॅलरीपर्यंत आला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

हुबळीच्या उणकलहून धारवाड म्हणजे बसनं अर्ध्या तासाचं अंतर. बस निम्मी रिकामी होती, तरी मी दांडा धरून उभीच राहिले. बसले असते तर रस्ता आणखी लांबला असता असं काहीतरी डोक्यात होतं. मालमड्डीतल्या अक्काच्या बैठ्या घराच्या फाटकाशी पोचले तर अंगणात माणसं जमलेली, आणि सगळ्यात आधी मला दिसला तो अक्काचा मोगरा. पान नाही, पालवी नाही, नुसत्या छाटलेल्या काटक्या. आळ्यातली माती भेगाळलेली आणि आळ्याच्या काठावर पत्र्याची झारी उपडी ठेवलेली. कुणीतरी बाई दुसरीला म्हणत होती, "बघा, झाडालासुद्धा कळलं हो." मला त्या स्थितीतही राग आला. झाडाला काही कळलेलं नव्हतं. अक्कानं स्वतःच्या हातानं त्याची पानं ओरबाडली होती, फांद्या छाटल्या होत्या आणि पाणी तोडलं होतं, दरवर्षीसारखं. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या काटक्यांना लांबून वळसा घालून मी आत गेले.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचे वडील अळणावरला शाळेत मास्तर होते, आणि घरामागच्या तांबड्या मातीत अक्का जे खोचेल ते लागायचं. तिनं गुलबक्षी पेरली की मीही शेजारी पेरायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकरून बघायची, मूळ फुटलं का म्हणून. तिसऱ्या दिवशी परत. माझी एकही गुलबक्षी कधी उगवली नाही. अक्का कपाळाला हात लावायची आणि ओरडायची, "सुम्न कुंद्र की गं जरा!" गप बस म्हणायला आमच्या घरात कन्नडच लागायचं, मराठीतलं 'गप बस' कुणी मनावर घेत नसे. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि हातालाही. पुढे शिक्षिका झाले, हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, वर्गभर फिरत. खुर्चीत बसून शिकवल्याचं मला आठवत नाही. 'सुम्न कुंद्र' हे शब्द अक्कानं मला किती वेळा ऐकवले असतील, त्याला गणती नाही.

तो मोगरा चोरीचा. अक्काचं लग्न ठरलं तेव्हा शेजारी पोस्टमास्तर राहायचे आणि त्यांच्या अंगणात दुहेरी पाकळ्यांचा, बोराएवढ्या कळ्यांचा मोगरा होता. कन्नडमध्ये ज्याला दुंडुमल्लिगे म्हणतात तो. अक्काचा त्यावर डोळा होता. मागितला असता तर पोस्टमास्तरांच्या बायकोनं पोत्यानं फांद्या दिल्या असत्या. पण मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेलीच लागते, यावर अक्काचा वेदवाक्यासारखा विश्वास. लग्नाच्या आदल्या दुपारी, अंगाला हळद लागलेली, अशा अवस्थेत ती कुंपणाखालून शिरली. मी पहाऱ्याला. पोस्टमास्तरीणबाई कट्ट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, पिवळ्याधमक नवरीला मोगऱ्यात वाकलेली बघितली, आणि सूप उचलून आमच्याकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, आणि या बाई गर्दीतून मोठ्यानं म्हणाल्या, "विमल, पाणी बेतानं घाल गं!" वऱ्हाडी एकमेकांकडे बघायला लागले. अक्का रडता रडता हसली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली होती. धारवाडला पोचल्यावर भावोजींनी ट्रंक उघडलेली बघितली आणि नव्या नवरीला पहिलं वाक्य ऐकवलं, "वकिलाच्या घरात मुद्देमाल घेऊन आलात?" तेव्हापासून त्या झाडाचं घरातलं नाव मुद्देमाल. शेजारच्या शांतक्का कन्नड बोलणाऱ्या, त्यासुद्धा विचारायच्या, मुद्देमाल यंदा कसा आहे म्हणून.

अक्का स्वभावानं गोड होती असं मी म्हणणार नाही. ती तिखट होती. कुणी झाडाचं कौतुक करून "एक फांदी द्या ना" म्हटलं की तिचा चेहरा बंद व्हायचा. मग ती कात्री कट्ट्यावर ठेवायची, "चहा टाकते" म्हणून आत जायची आणि चांगली दहा मिनिटं बाहेर यायची नाही. ज्याला कळायचं तो फांदी कापून पिशवीत घालायचा. ज्याला कळायचं नाही तो चहा पिऊन रिकाम्या हातानं जायचा, आणि अक्का मागून म्हणायची, "शिकलेली माणसं, पण चोरी येत नाही." कुणी आभार मानलेले तिला चालायचे नाहीत. हुबळी-धारवाडात आज तिचे चोरलेले मोगरे किती अंगणांत असतील देव जाणे. तिचा दुसरा नियम म्हणजे फूल झाडावर म्हातारं होऊ द्यायचं नाही. ऊन कललं की टपोऱ्या कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यावर पसरायच्या आणि केळीच्या सोपटात गुंफायच्या. हंगामात कोपरापासून बोटांपर्यंत एकेक मोळ मापून गजरे गल्लीत घरोघर जायचे. माझ्यापर्यंत यायचे ते शाळेच्या स्टाफरूममध्ये, गिरीशच्या हाती. गिरीश हा तिचा एकुलता एक मुलगा. तेव्हा धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात कामाला होता आणि स्कूटरवरून हुबळीला आला की मावशीचा डबा आणि मावशीचा गजरा, दोन्ही पोचवायचा. पुढे तो पुण्याला गेला. अक्कानं त्याला अडवलं नाही, पण त्या उन्हाळ्यात गजरे फार घट्ट गुंफलेले असायचे.

हंगामातली पहिली कळी मात्र देवाला नाही, स्वतःला नाही, लेकरालाही नाही. ती जायची भावोजींच्या काळ्या कोटाच्या खिशात. ते अंघोळीला गेले की ती गुपचूप टाकायची, आणि ते गुपचूप घेऊन जायचे. कोर्टात शेजारी बसणारे वकील नाक वर करून विचारायचे, आला वाटतं मोगरा? वकिली सुटली, कोट खुंटीला लागला, तरी पहिली कळी खिशात पडायचीच. "आता कुठे निघालोय मी कोट घालून?" असं भावोजी एकदा म्हणाले, तर अक्का म्हणाली, "कोटाला सवय आहे, त्याला कशाला तोडायचं."

आता मोगऱ्याला ताण देणं म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोगऱ्याला पाणी आवडतं असं आपल्याला वाटतं, आणि ते खरंही आहे. बारा महिने पाणी दिलं तर तो हिरवागार होतो, पसरतो, आणि फुलत नाही. थंडीत त्याचं पाणी तोडायचं, छाटायचा, पानं काढायची, मुळं थोडी उघडी करायची, आणि डोळ्यांदेखत वाळू द्यायचा. अक्का म्हणायची, "त्याला वाटलं पाहिजे, आता आपलं काही खरं नाही. मग तो फुलतो बघ." रथसप्तमीला ती ताण तोडायची. खुरपणी, शेणखत, आणि झारीभर पाणी. तोवर झारी आळ्याच्या काठावर उपडी, म्हणजे घरातल्या कुणी, मोलकरणीनं, पाहुण्यानं दयेपोटी पाणी घालू नये. माझ्या उणकलच्या गॅलरीत मीही तिच्या घरून रीतसर चोरलेली फांदी लावली होती. थंडीत ती सुकायला लागली आणि माझ्यानं बघवेना. घातलं पाणी, रोज घातलं. उन्हाळ्यात अक्का आली, त्या कुंडीतल्या झुडपाकडे बघून म्हणाली, "छान आहे. भाजी कर याची." भावोजी या बाबतीत पक्के होते. एका थंडीत नातवंडासाठी अक्का महिनाभर पुण्याला राहिली, तेव्हा ते एकटे होते. रोज फोनवर तिला सांगायचे, "मुद्देमाल सुरक्षित आहे. थेंब लागू दिलेला नाही." कावळा येऊन आळ्याजवळच्या दगडी डोणीत अंग घुसळतो, त्याचे शिंतोडे पडतात, म्हणून त्यांनी डोणीसुद्धा हलवली होती!

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, ती आमची शेवटची भेट. अक्का पायरीवर बसली होती, बोटं हिरवीकाळी झालेली. पानं काढून नुकती उठली असावी. दोन वाक्यं बोलली की थांबायची. मी म्हटलं, अगं, कुणाला तरी सांगायचं ना. म्हणाली, "सांगितलं की माणसं दोन पानं ठेवतात. दया येती त्यांना." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आत्ता उठायच्या बेतात आहेस. बस की गं जरा. बस काय पळून जात्येय?" मी बसले... पण घड्याळ बघत बसले. परत येताना तिनं हाताला धरून मला सांगितलं, "रथसप्तमीला ये. पाणी घालू." तिनं 'घालीन' नाही म्हटलं, 'घालू' म्हटलं. ते मला बसमध्ये आठवलं आणि नंतर मी विसरून गेले.

सुतकाचे ते दिवस मला फार जड गेले. घरात देवपूजा बंद, म्हणून फुलं तोडायची नाहीत. आणि अंगणात शेवंती, अबोली, जास्वंद अशी भरभरून फुललेली की जणू मुद्दाम. अक्कानं ज्या घरात एक फूल झाडावर म्हातारं होऊ दिलं नाही, तिथे शेवंत्या तपकिरी होऊन माना टाकत होत्या, अबोली गळून मातीला चिकटत होती, आणि आम्ही ओटीवर बसून माणसांना पाणी देत होतो. मला बसवेना. मी दिवसातून कितीदा तरी त्या अंगणात फेऱ्या मारल्या. एका दुपारी मोगऱ्यापाशी थांबले. काटक्या. कुणीतरी झारी सरळ करून ठेवली होती. मला ताण माहीत होता, भाजीचा टोमणा आठवत होता, तरी मी तांब्याभर पाणी आणलं आणि ओतलं. एकदाच. अक्का नाही, आणि तिचं झाड तहानलेलं आहे, हे दोन्ही एकाच वेळी सहन करायची माझी ताकद नव्हती.

तेराव्यानंतर गिरीशनं विषय काढला. वडिलांना पुण्याला घेऊन जायचं, घर बंद ठेवायचं, पुढचं पुढे. त्याचं काय चुकत होतं? ऐंशी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात, एकटा कसा राहणार. गिरीशनं माझ्याकडे बघितलं आणि मी लगेच कंबर कसली, कारण काहीतरी करायला मिळालं की मला बरं वाटतं. मी भावोजींना समजावलं, गोळ्यांची पिशवी लावली, गरम कपडे बाहेर काढले. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "येतो की. तिचा मोगरा एकदा फुलू दे. मग येतो." गिरीशचे डोळे भरून आले. त्यानं हळूच सुचवलं, बाबा, फांदी घेऊन जाऊ, तिकडे गॅलरीत लावू. भावोजी म्हणाले, "ती चोरावी लागती रे. स्वतःच्या घरात चोरी कशी करायची? कायद्यात बसत नाही." शेवटी ठरलं की पाडव्यापर्यंत मोगरा येईलच, पाडवा झाला की गिरीश गाडी घेऊन येईल. रथसप्तमीला मी जाऊन अक्काच्या पद्धतीनं खुरपलं, खत घातलं, झारी भरून पाणी घातलं. पालवी अशी जोरात फुटली की मी उणकलला जाऊन सगळ्यांना सांगत सुटले.

शिवरात्र आली. पानंच पानं, कळी एक नाही. मी रोज फोन करायची, दोन दिवसाआड जायची. पानं उलटून बघायची, अगदी लहानपणी गुलबक्षी उकरायची तशी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी चौकशी सुरू केली. शांतक्कांना विचारलं तर त्या ओशाळून म्हणाल्या, "पाप, वणगित्तरी. वंद तंबिगी हाकिद्द्या." म्हणजे वाळलं होतं बिचारं, एक तांब्या घातला. मोलकरीण म्हणाली, एकदाच घातलं. गिरीशला फोन केला, तो म्हणाला, "मावशी, अस्थी आणायला जायच्या आधी... एकदाच." म्हणजे सुतकाच्या त्या दिवसांत ज्यानं त्यानं, कुणाला न सांगता, रडू आलं की जाऊन मोगऱ्याला पाणी घातलं होतं! माझ्यासकट. अक्कानं दिलेला ताण आम्ही सगळ्यांनी मिळून धुऊन टाकला. मी हसले, मग रडले, आणि मग पदर खोचला. परत ताण द्यायचं ठरवलं. पानं काढली, पाणी बंद, झारी उपडी. शांतक्कांना कन्नडमध्ये आणि मोलकरणीला मराठीत तंबी दिली. भावोजी दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. ती असंच करायची."

होळी झाली. मी गेले तर झाड पुन्हा हिरवं, आणि आळ्यात बोट घातलं तर माती ओली. माझं डोकं फिरलं. शांतक्कांशी चार शब्द जास्तच बोलले. त्या देवाशपथ म्हणाल्या की हात लावलेला नाही. मोलकरीण सुट्टीवर होती. मी ठरवलं, चोर पकडायचाच. एके दिवशी न सांगता, भर दुपारची बस पकडून धारवाडला उतरले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फाटक वाजू नये म्हणून उचलून उघडलं. बघते तर भावोजी. बनियन आणि पंचा, डोक्यावर ओला टॉवेल. गुडघ्यावर हात टेकून आळ्याशी वाकलेले, आणि झारीनं मोगऱ्याच्या बुडाशी पाणी घालत होते. सावकाश, पानाला लागू न देता, थेट मुळाशी, अक्का घालायची तसं. झारी रिकामी झाली. त्यांनी ती झटकली आणि काठावर होती तशी उपडी ठेवली, तोटी पूर्वेला. मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि वळले तर समोर मी.

मी तोंड उघडलं ते ओरडायलाच. "भावोजी! पाणी घातलं की फुलं येत नाहीत, ठाऊक नाही होय तुम्हाला?"

"तिच्याइतकंच ठाऊक आहे," ते म्हणाले. "एवढी वर्षं तिनं ताण दिला आणि मी पहारा केला."

"मग? फुलं नकोत तुम्हाला अक्काची?"

ते पायरीवर बसले. डोक्यावरचा ओला टॉवेल काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "पाहिजेत की. पण फुलं आली की जायचं ठरलंय नव्हं... शालू, ती इथं आहे गं. सकाळी मी उठतो, चहा करतो, दार उघडतो, आणि ती अंगणात आहे असं वाटतं. घर बंद केलं की ती कुठं जाईल? मला सांग. पुण्यात नवव्या मजल्यावर कुठं यायची ती?" टॉवेलनं तोंड पुसून पुढे म्हणाले, "त्या पोराला नाही म्हणवत नाही. त्याचा जीव आहे माझ्यावर. म्हणून तारीख मागून घेतोय. जन्मभर तेच केलं. एवढंच."

मला पुष्कळ बोलायचं होतं. गुडघ्यांचं, गोळ्यांचं, रात्री-अपरात्री काय झालं तर त्याचं. सगळं बरोबरच होतं ते. पण भावोजी ज्या पायरीवर बसले होते तीच ती संक्रांतीची पायरी. आणि मला कानाशी स्पष्ट ऐकू आलं... सुम्न कुंद्र की गं जरा. मी त्यांच्या शेजारी बसले. किती वेळ बसलो कोण जाणे. घड्याळ बघायचं राहूनच गेलं. अक्का गेल्यापासून मी धावत होते. माणसं आवर, कपडे आवर, घर आवर, भावोजींना आवर. त्या दुपारी पहिल्यांदा मी नुसती बसले आणि अक्कासाठी पोटभर रडले. भावोजी उठून आत गेले आणि चहा टाकला. चांगला वेळ लावून बाहेर आले.

तेवढ्यात गिरीशचा फोन. "मावशी, कळ्या आल्या का गं?" भावोजी चहाच्या कपात बघत राहिले, निकालाची वाट बघणाऱ्या अशिलासारखे. मी म्हटलं, "नाही रे. यंदा पालाच फार." यात खोटं एक अक्षर नव्हतं. पाडवा आला आणि गेला. गिरीश गाडी घेऊन आला, झाडाकडे बघून हिरमुसला, दोन दिवस राहून एकटाच परत गेला. जाताना म्हणाला, आईचं झाड असं का करतंय? मला त्याच्याकडे बघवलं नाही. त्याला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून हे लिहिते आहे. छापायला पाठवण्याआधी भावोजींना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "लेखी जबाब आहे. होऊ दे दाखल." तेव्हा गिरीश, तू हे वाचशील. तुझे बाबा हट्टी नाहीत रे, त्यांना अजून थोडी मुदत हवी आहे. शांतक्का रात्रीची भाकरी पाठवतात, मी दिवसाआड जाते, आणि माझ्या पायाला भिंगरी आहे ती अशा वेळी उपयोगी नाही पडली तर कधी पडायची. तू ये, नुसता ये. न्यायला म्हणून येऊ नकोस.

परवा गेले तर भावोजींनी मला ओढतच मोगऱ्याकडे नेलं. फांद्यांच्या गर्दीत, आतल्या बाजूला, एक कळी. एवढं पाणी पिऊनसुद्धा एक आलीच होती, टपोरी, बोराएवढी. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी गल्लीत इकडे तिकडे नजर टाकली, कळी खुडली आणि मुठीत झाकली. "एका कळीला मोगरा फुलला असं म्हणत नाहीत," म्हणाले. "कुठल्याही कोर्टात टिकायचं नाही." आणि आत गेले. खिडकीतून मला दिसत होतं. खुंटीवरच्या काळ्या कोटाचा खिसा त्यांनी दोन बोटांनी उघडला, कळी आत टाकली, आणि कोटावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मी नळाखाली झारी भरली, बुडाशी सावकाश ओतली, आणि काठावर पुन्हा उपडी ठेवली.